चौदा अंश

डॉक्टर हरिझानोवांच्या हातातल्या ड्रिलचा आवाज मध्येच खाली बसला. बंद पडला नाही, नुसता बसला, आणि मग हळूहळू वर चढला, आधीपेक्षा थोडा जास्तच. इस्क्रा वेल्चानोवाचं तोंड उघडं होतं, डावा जबडा इंजेक्शनने लाकूड झाला होता, आणि ती छतावरच्या ओलीच्या डागाकडे बघत होती. आवाज पुन्हा खाली आला. डोक्यावरचा दिवा त्याच्याबरोबर पिवळा पडला, आवाज चढला तसा पांढरा झाला. "हलू नका हो, इस्क्राताई," डॉक्टर म्हणाल्या, "विजेचे नखरे चाललेत आज. दुपारभर असंच." इस्क्रा हलली नव्हती. तिने मनात आकडे मोजायला सुरुवात केली, घड्याळाच्या काट्याच्या ठेक्यावर, वीस वर्षांची सवय होती ती. पांढऱ्यापासून पांढऱ्यापर्यंत अकरा. पुन्हा अकरा. तिसऱ्यांदाही अकराच. वीज नखरे करते तेव्हा वाटेल तशी करते, मोजून मापून करत नाही. मोजून मापून जे हलतं त्याच्यामागे काहीतरी असतं, आणि या अकराच्या मागे काय आहे हे लिपोव्हो शहरात फक्त तिला माहीत होतं.

सकाळी स्वयंपाकघरातल्या रेडिओने सांगितलं होतं, मैदानाकडून येणाऱ्या मोठ्या तारेचे तीन मनोरे बर्फाच्या ओझ्याने मोडले, संध्याकाळपर्यंत शहर आणि वरची दोन गावं एकट्या चेर्ना स्कालाच्या विजेवर चालतील. ल्युबेन, तिचा नवरा, पावावर लाल मिरचीची चटणी फासत म्हणाला होता, "घ्या. आज सगळं गाव बायकोच्या यंत्रावर." ती हसली होती. दाढ चार दिवस ठणकत होती म्हणून हसताना हात गालाशी गेला, आणि ल्युबेनला वाटलं दुखतंय. चेर्ना स्काला शहरापासून अकरा किलोमीटर वर, रोडोपी डोंगरांतल्या एका काळ्या कड्याखाली. धरणाचं पाणी एका लांब पोलादी नळातून टर्बाइनवर पडतं. देशभराच्या तारांना जोडलेलं असताना ते एक लहान मूल असतं, मोठ्यांच्या हाताला धरून चालणारं. शंभर मोठी केंद्रं त्याला पडू देत नाहीत. हात सुटला की त्याला स्वतःच्या पायांवर तोल सांभाळावा लागतो. कोट चढवताना तिने स्वतःला सांगितलं होतं की केंद्रावरचा जुना इंजिनिअर मेतोदीदादा आहे ना तिथे. मग जिन्यात, तिसऱ्या मजल्यावर, तिला आठवलं की मेतोदीदादा ऑक्टोबरातच निवृत्त झाला, मुलीकडे वार्नाला समुद्रावर गेला, आणि जाताना तिला अक्रोडाची पिशवी देऊन गेला. जिन्यात ती क्षणभर थांबली होती. मग दाढेतून एक कळ निघाली आणि ती खाली उतरली. दाढेचे उपकारच म्हणायचे, दुसरं काही सुचू देत नव्हती.

"चूळ भरा," डॉक्टर म्हणाल्या. पाणी तिच्या डाव्या ओठावरून तिला न कळता हनुवटीवर आलं. दिवा पिवळा, दिवा पांढरा. अडीच वर्षांपूर्वी, ऑगस्टात, चेर्ना स्कालाच्या यंत्रशाळेत ती आणि मेतोदीदादा अंगातले स्वेटर न काढता बसले होते, कारण कड्याखाली उन्हाळ्यातही गारवा असतो. टर्बाइनचा वेग सांभाळणारा नियामक नवा बसवला होता. त्याचं काम साधं. शहराने जास्त वीज ओढली की चाक मंदावतं, नियामक ते बघतो आणि पाण्याचं दार उघडतो. चाक जोरात गेलं की दार मिटतो. पण पाणी जड असतं. दार उघडलं की ते लगेच धावत नाही, आधी क्षणभर मागेच राहतं, जोर उलट कमी होतो, मग येतं. उतावळा नियामक एवढा धीर धरत नाही. पाणी आलं नाही म्हणून आणखी उघडतो, मग ते सगळं एकदम येतं, मग घाबरून मिटतो. शहाण्या नियामकाच्या अंगात असा झोका चार फेऱ्यांत विरून जातो. उतावळ्याच्या अंगात विरत नाही. त्याच्या पलीकडे एक रेघ असते, ती ओलांडली की प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा.

यंत्र स्थिर आहे का, हा एक प्रश्न. किती स्थिर आहे, त्या रेघेपासून किती लांब उभं आहे, हा दुसरा. इस्क्राचं सगळं आयुष्य त्या दुसऱ्या प्रश्नाचं होतं. चालत्या यंत्राला ती मुद्दाम एक बारीक, संथ झोका देत असे, आणि कागदाच्या सरकत्या पट्टीवर दोन लेखण्या चालत. एक तिने दिलेला धक्का काढी, दुसरी यंत्राचं उत्तर. उत्तर किती उशिरा येतं ते ती अंशांत मोजायची. जिथे उत्तराचा जोर धक्क्याएवढाच असतो, तिथे ते अर्ध्या फेऱ्याने, म्हणजे एकशे ऐंशी अंशांनी, उशिरा आलं तर सावरायला दिलेला हात ढकलणारा हात होतो. त्या अर्ध्या फेऱ्याला किती अंश कमी पडतात, तेवढीच शिल्लक. नियमाप्रमाणे तीस तरी हवी. त्या दिवशी तिने पट्टीवर पट्टी ठेवून तीनदा मोजलं. चौदा. "पडत नाही ना?" मेतोदीदादाने विचारलं होतं. "आज पडत नाही," ती म्हणाली होती, "पाणी भरलेलं असेल, शहराच्या विजेचं ओझं पुरं असेल, यंत्र एकटं असेल, तर चौदाचे चार होतील." मेतोदीदादाने कानामागची पेन्सिल काढून पुन्हा तिथेच खोचली. उपाय अवघड नव्हता. नियामकाच्या पेटीवर एक चावी होती, पाचावर लावलेली. ती दोनावर आणली की नियामक मऊ पडतो, शिल्लक वाढते. पण मग तो मंद होतो, आणि दहा दिवसांनी उद्घाटनाला वरची माणसं येणार होती, त्यांच्यासमोर ओझं एका झटक्यात टाकून यंत्र किती चपळ आहे ते दाखवायचं ठरलं होतं. संचालक पाशोव पत्रक घेऊन स्वतः तिच्या टेबलाशी आले. पत्रकात एक चौकोन होता, स्थिर आहे किंवा नाही. त्याखाली एक रिकामी ओळ, शिल्लक किती. "स्थिर आहे ना, कॉम्रेड वेल्चानोवा?" "आहे, पण—" "मग आहे लिहा. खोटं थोडंच आहे?" खोटं नव्हतं. तिने चौकोनात खूण केली. त्या ओळीवर पाशोवांनी स्वतःच्या पेनने, वाकून, चाळीस लिहिलं. "गोल आकडा छान दिसतो," म्हणाले. आणि मग, दाराशी वळून, अगदी घरच्यासारखं, "तुमचा घराचा अर्ज कितव्या नंबरावर आहे हो?" तिने सही केली. डिसेंबरात त्यांना लिपोव्होत दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला, पूर्वेला खिडकी असलेला. ल्युबेनने पहिल्या दिवशी रिकाम्या खोलीत तिला उचलून गोल फिरवलं होतं, आणि तिने ओरडून त्याला खाली ठेवायला लावलं, भोवळ येते म्हणून.

उद्घाटन झाल्यावर मेतोदीदादाने कोणाला न विचारता चावी दोनावर आणली. "तू सही सांभाळ, मी चावी सांभाळतो," तो तिला फाटकाशी म्हणाला होता. दोन हिवाळे त्याने ती सांभाळली. आणि दोन हिवाळ्यांत इस्क्राच्या मनात हळूहळू असं बसलं, की चाळीस हेच खरं. कोणी विचारलं असतं तर ती चाळीस म्हणाली असती, डोळ्याची पापणी न लववता.

"पुन्हा आ करा," डॉक्टर म्हणाल्या. ड्रिल दाढेशी आलं, आणि खाली बसत बसत इतकं खाली गेलं की त्याचं पातं दाढेत थबकलं. खोली तांबूस झाली. पलीकडच्या खोलीत नर्सने "अगं बाई" म्हटलेलं ऐकू आलं. मग आवाज वर आला, आणि येतच राहिला, किंचाळण्यापर्यंत, डॉक्टरांनी हात मागे घेतला. झोके आता सारखे नव्हते. मोठे होत होते. इस्क्राच्या डोळ्यांसमोर यंत्रशाळा नव्हती, तो नळ होता. डोंगराच्या उतारावरून येणारा काळा पोलादी नळ, आणि त्याच्या काँक्रीटच्या टेकूंना नळाखालच्या दोल्नी रीत गावच्या बायकांनी बांधलेल्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. प्रत्येक झोक्याला त्या नळात आत दाब वाढत असेल, उतरत असेल. यंत्र फार जोरात गेलं तर सुरक्षेची झडप एकदम पडेल, आणि धावतं पाणी नळात जागच्या जागी थांबवलं तर ते नळ फोडून कुठेतरी जाणारच. बाहेर उणे सतरा होतं. खाली अठ्ठावीस घरं होती. तिने ती एकदा मोजली होती, काही कारण नसताना.

ती खुर्चीतून उठली. गळ्यातला कागदी रुमाल तसाच. "कुठे निघालात? दाढ उघडी आहे!" डॉक्टर म्हणाल्या. "फोन," ती म्हणाली, म्हणजे म्हणायला गेली. निम्मी जीभ तोंडात परक्यासारखी पडली होती. बाहेरच्या खोलीत नर्सच्या टेबलावर फोन होता, आणि बाकावर चार माणसं गाल धरून बसली होती, त्यात दूधकेंद्रावरची पेन्का, जी तिला ओळखत होती. केंद्राचा नंबर बोटांना पाठ होता. तबकडी फिरवताना बोट दोनदा निसटलं. अजून काहीच झालं नाही, ती स्वतःला सांगत होती. अजून खाली ठेवता येईल. संध्याकाळी मोठी तार जोडतील, मोठी केंद्रं पुन्हा हात धरतील, कोणाला काही कळणार नाही. पाशोव आता सोफियात होते, मोठ्या खुर्चीवर. सही मात्र तिची होती.

"चेर्ना स्काला. ड्रागिएव." तरुण आवाज. कामेन ड्रागिएव, मेतोदीदादाच्या जागी आलेला इंजिनिअर. तिने त्याला एकदाच सभेत पाहिलं होतं, पहिल्या रांगेत, वहीत लिहून घेताना.

"मी इफ्का... वेल्तानोवा..."

"कोण? नीट बोला."

"नियामक. चावी. दोनावर आण."

"बाई, भर दुपारी घेऊन बसलात का?" तो म्हणाला. आवाजात चीड होती, आणि चिडीखाली भीती. तिने ती ओळखली. "ही ड्यूटीची लाइन आहे. इथे माझं डोकं फिरायची वेळ आलीय."

डॉक्टर हरिझानोवांनी तिच्या हातून फोन घेतला. "ए मुला, मी दातांची डॉक्टर बोलतेय. ही बाई पूर्ण शुद्धीवर आहे, जबडा बधिर केलाय मी तिचा. काय म्हणते ते नीट ऐक." आणि फोन परत दिला, कपाळाला आठ्या घालून, का ते माहीत नसताना. इस्क्राने हाताने गाल धरला, ओठ दोन बोटांत पकडले, आणि एकेक शब्द वेगळा करून बोलली. नाव सांगितलं. नियामक उतावळा झालाय, चावी पाचावर आहे का विचारलं.

"पाचावरच आहे. आधीच्या माणसाने दोनावर ठेवली होती, बेकायदा. जानेवारीत मी प्रमाणपत्राप्रमाणे लावली. सुई हलतेय, दिसतंय मला. पण शिल्लक चाळीस अंश आहे. बसेल आपोआप."

"चाळीस नाहीत."

"कागद माझ्यासमोर आहे, मॅडम. खाली सही—" तो थांबला. "वेल्चानोवा."

"माझीच. चौदा होते. मी मोजले होते. चौदा."

फोनमध्ये यंत्रशाळेची घरघर ऐकू येत होती, चढणारी, उतरणारी, आणि समोरच्या भिंतीवरचा दिवा तिच्याबरोबर चढत उतरत होता. "म्हणजे हे खोटं आहे?" ड्रागिएवने विचारलं. बाकावरच्या चौघांनी गालांवरचे हात खाली घेतले होते. पेन्का तिच्याकडे एकटक बघत होती. इस्क्राला वाटलं, जमीन आहे पण तिच्या पायांपासून हातभर खाली आहे.

"हो," ती म्हणाली.

"मी हे कोणाच्या हुकमावर करू? तुम्हाला हुकूम द्यायचा अधिकार आहे?"

"नाही."

"मग? हात लावला आणि झडप पडली तर? खाली गाव आहे, मॅडम!" त्याचा आवाज फुटला.

"माहितीये. नाही लावला तरी पडेल. माझं नाव लिही वहीत. वेळ लिही. आणि जाऊन बघ, चावीच्या तबकडीवर, दोनाच्या खाली एक ओरखडा आहे. मेतोदीदादाने काढलाय, माझ्या समोर."

फोन टेबलावर ठेवल्याचा ठक्क आवाज आला. पावलं गेली. खोली तांबडी झाली, पांढरी झाली. पावलं परत आली. "आहे," तो म्हणाला. "मला वाटलं कोणीतरी पेटी खराब केली."

"तिथपर्यंत आण. एकदम नाही. प्रत्येक झोक्याला अर्धं घर, बास. मी मोजते."

फोन पुन्हा टेबलावर पडला. तिने मोजायला घेतलं, मोठ्याने, वेडेवाकडे आकडे, ओठ बोटांत धरून; आणि डॉक्टरही, कशाला ते न कळता, तिच्याबरोबर मोजू लागल्या. पहिल्या झोक्याला काही फरक पडला नाही. दुसऱ्याला दिवा इतका खाली गेला की तारेचा लाल दोरा नुसत्या डोळ्यांना दिसला, आणि तिथेच राहिला. आपण उशीर केला, तिला वाटलं, तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर थांबले होते तेव्हाच मागे फिरायला हवं होतं. तिला आई आठवली नाही, ल्युबेन आठवला नाही. तिला त्या दोऱ्यांवरची एक उशीची खोळ आठवली, निळ्या रेघांची, वाऱ्याने फुगलेली, आणि ती कोणाची होती हे आपल्याला माहीत नाही याची तिला इतकी दहशत वाटली की मोजताना ती दोन आकडे चुकली. दिवा वर आला. बारा, डॉक्टर म्हणाल्या. नंतर तेरा. झोका लांबत होता, म्हणजे मऊ होत होता. पुढचा पिवळा आधीच्या पिवळ्याएवढा पिवळा नव्हता. इस्क्राने डोळे मिटले, तरी पापण्यांवर उजेड येताना जाताना जाणवत होता, दर वेळी थोडा कमी, आणि मग तो यायचा जायचा थांबला. फोनमधली घरघर एका सुरात लागली.

"बसली," ड्रागिएव म्हणाला. तो रडत होता किंवा धापा टाकत होता. "सुई पन्नासावर, हवी तिथे बसली. मॅडम... तुम्ही हे आधी का नाही हो सांगितलंत?"

ड्रागिएवने तिकडचा फोन ठेवेपर्यंत तिने आपला कानाशीच धरून ठेवला. मग तिला कळलं की तिची हनुवटी, गळा, ब्लाउज, सगळं लाळेने भिजलंय. पेन्का उठून खिडकीशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. डॉक्टर हरिझानोवांनी रुमाल दिला. "चला आत. दाढ अर्धवट ठेवता येत नाही."

"आता पुन्हा तोंड उघडू?"

"आत्ताच तर उघडलंत. तेवढं मोठं नको."

मार्चात चौकशी झाली. पाशोवांचं पत्र आलं होतं, इंजिनिअरच्या सहीवर आपण विश्वास ठेवला एवढंच त्यात. चाळीस कोणाच्या अक्षरात आहे ते इस्क्राने सांगितलं. मग कोणी न विचारता घराचंही सांगितलं. ल्युबेनला आदल्या रात्रीच सांगून टाकलं होतं. तो पूर्वेच्या खिडकीकडे बघत म्हणाला, "सामान कधी बांधायचं ते सांग," आणि उठून भांडी घासायला लागला. घर गेलं नाही शेवटी. पद गेलं, ती खालच्या हुद्द्यावर आली. पण चौकशीच्या दिवसाची जी आठवण तिच्या अंगातून पुढे कधी निघाली नाही ती यातली कुठलीच नव्हती. समितीचे अध्यक्ष सारांदेव, कानात यंत्र घातलेले म्हातारे प्राध्यापक, कागद चाळत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, रागावले नाहीत. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "आणखी सात केंद्रांवर तुमची सही आहे, बाई. ते आकडे खरे आहेत?"

तिने तोंड उघडलं. खरे होते. एकेक पट्टी तिला आठवत होती, कुठे पाऊस होता, कुठे जेवायला बीनचं सूप होतं. आणि बोलायच्या आधीच तिला थंडी भरून आली, कारण अडीच वर्षं तिला तो चाळीसही असाच आठवत होता, इतकाच स्वच्छ. त्या दोन आठवणींत हात फिरवून कुठे शिवण लागते का ते तिने चाचपून पाहिलं. लागत नव्हती.

"मोजावं लागेल," ती म्हणाली.

सारांदेवांनी कानातलं यंत्र नीट केलं. "काय म्हणालात?"

"सगळी पुन्हा मोजावी लागतील. मीच जाईन. बरोबर कोणीतरी द्या, माझ्या आकड्यावर नजर ठेवायला."

सात केंद्रांना सप्टेंबरपर्यंत वेळ लागला. सहा जिथल्या तिथे निघाली. सातव्यावर, आर्दा नदीच्या वरच्या अंगाला, जुन्या कागदावर एकतीस होतं. तिने मोजलं, एकोणतीस आलं. तिथली प्रमुख गिंका ही मोठ्या अंगाची, हसरी बाई; तिने टेबलावर पिकलेली अंजिरं आणून ठेवली होती. "दोन अंशांनी काय होतंय, ताई? लेखणी जरा जाड असेल. तिसाच्या खाली लिहिलंत तर यंत्र बंद ठेवायला लावतील, ऐन हंगामात. माझी माणसं काय माशा मारतील?" इस्क्राने लेखणी बदलली. बरोबर आलेला समितीचा माणूस घड्याळाकडे बघत होता. दुसऱ्यांदा पट्टी सरकली. तिसऱ्यांदा सरकली. तिने पट्टी टेबलावर दोन्ही हातांनी दाबून धरली. आकडा वाचता येत नव्हता म्हणून नव्हे, एकतीस किती सहज वाचता येईल ते दिसत होतं म्हणून. गिंकाने एक अंजीर फोडून तिच्यापुढे सरकवलं आणि वाट बघत उभी राहिली.

इस्क्राने एकोणतीस लिहिलं, आणि मग, कोणी मागितलं नसताना, आकड्यापुढे अक्षरांतही लिहिलं.